जाड्याभरड्या कापडावरील कर

शेकडा पाच म्हणजे असे काय मोठेसे, असा प्रश्न कापडावरील वस्तू व सेवा कराची तरफदारी करणारे सद्गृहस्थ नेहमी विचारीत असतात. शंभराच्या सदऱ्यावर पाच रुपये. तेवढ्याने कोणी उघडा पडला आहे काय? प्रश्न शहरातील दिवाणखान्यात बसून विचारला म्हणजे मोठा सयुक्तिक वाटतो. परंतु कराचा भार त्याच्या आकड्यावरून मोजावयाचा नसतो. तो कोणाच्या खांद्यावर पडतो आणि कोणाला झटकून टाकता येतो, यावरून मोजावयाचा असतो.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे ठाणे धडगाव. होळीच्या तोंडावर तेथे भोंगऱ्या बाजार भरतो. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून पावरा आणि भिल्ल कुटुंबे डोंगर उतरून येतात आणि सणाचे नवे कापड विकत घेतात. या बाजारातील लहान दुकानदाराची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असली, तर त्याला नोंदणीचे बंधन नाही. अर्थात् तो गिऱ्हाइकाकडून कर घेत नाही, आणि त्याच्या पावतीवर, पावती दिलीच तर, कराचा उल्लेख नसतो. यावरून हे गिऱ्हाईक करमुक्त आहे असे जो म्हणेल, त्याला हिशेब ठाऊक नाही असेच म्हटले पाहिजे. दुकानदाराने ठोक व्यापाऱ्याला जो कर दिला, तो त्याला कोणाकडूनही परत मिळत नाही. तो निमूटपणे किमतीत मिसळतो. शहरातील नोकरदाराला आपण किती कर दिला हे निदान वाचता तरी येते. पाड्यावरील बाईला ते कळण्याचीही सोय नाही.

ही तऱ्हा नवीन नव्हे. १८९४ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारने पैशाच्या ओढाताणीमुळे विलायती सुती मालावर शेकडा पाच जकात बसविली, आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची समजूत काढण्यासाठी येथील गिरण्यांच्या वीस नंबरावरील बारीक सुतावरही तितकाच कर लादला. तेवढ्यानेही मँचेस्टरचे समाधान झाले नाही. १८९६ साली विलायती कापडावरील जकात साडेतीन टक्क्यांवर उतरली, आणि देशी गिरण्यांत विणलेल्या सर्व कापडावर, जाडेभरडे असो की तलम, साडेतीन टक्के उत्पादन-कर बसला. समतेचे नाव पुढे करून काय साधले ते पाहा. तलम विलायती धोतर नेसणाराचा कर उतरला. आणि जे जाडे कापड लँकेशायर येथे फारसे पाठवीतच नव्हते, ज्याची त्याच्याशी स्पर्धाच नव्हती, ते नेसणाऱ्या कुणब्यावर नवा कर आला. त्या वर्षी महाराष्ट्रात परदेशी कापडावरील बहिष्काराची चळवळ उठली ती उगीच नव्हे. तरीही हा कर जवळजवळ तीस वर्षे टिकला. १९२५ साली मुंबईच्या गिरण्यांतील मजुरीकपातीवरून मोठा संप झाला, तेव्हा कोठे डिसेंबरात तो तहकूब झाला आणि १९२६ साली कायमचा उठला.

सांप्रतचे सरकार परके नाही, आणि त्याचा हेतू लँकेशायरचे पोट भरण्याचा नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच समतेच्या नावाखाली तोच पंक्तिप्रपंच पुन्हा घडावा याचे अधिक दुःख होते. १ जुलै २०१७ पूर्वीची स्थिती आठवावी. १९५७ पासून कापडावर राज्यांनी विक्रीकर लावू नये अशी व्यवस्था होती. आणि २००४ नंतर, मागच्या कराचा वजावाटा न मागणाऱ्या सुती कापडाला केंद्राचे उत्पादन-शुल्क भरणेही सक्तीचे राहिले नव्हते. नव्या कराने कापसापासून कापडापर्यंत प्रत्येक पायरीवर शेकडा पाचाचा नाका उभा केला.

‘करावर कर’ नाहीसा करणे हे या योजनेचे मोठे भूषण म्हणून सांगितले गेले. मोठ्या कारखान्याच्या बाबतीत ते खरेही आहे. त्याने दहा हजारांचे सूत घेतले, पाचशे रुपये कर दिला; कापड विकताना ते पाचशे तो आपल्या देण्यातून वजा करतो. आता तेच सूत नोंदणी नसलेला हातमागवाला घेतो. पाचशे रुपये त्याचेही जातात, पण ते परत येत नाहीत. ते तो कापडाच्या किमतीत घालतो; मग व्यापारी त्या किमतीवर, म्हणजे त्या पाचशेवरही, पुन्हा शेकडा पाच आकारतो. एवंच, करावरचा कर गिरणीच्या दारातून हाकलला गेला तो विणकराच्या ओसरीवर येऊन बसला. सुताच्या लडीवर एका खात्याने सवलत द्यावयाची आणि दुसऱ्याने त्याच लडीवर कर घ्यावयाचा, हा व्यवहारही आमच्या बुद्धीस अगम्य आहे.

“मग त्याने नोंदणी करावी,” असे उत्तर येते. करावी, पण विवरणपत्रे, संगणक आणि हिशेबनिसाचे मासिक वेतन एवढा खटाटोप पाचशे रुपयांच्या वजावाटीसाठी कोणता विणकर करील? शिवाय कायद्याची आणखी एक गंमत पाहा. स्वतःचे सूत विणून कापड विकणाराला नोंदणीची मर्यादा चाळीस लाख. दुसऱ्याचे सूत मजुरीने विणून देणाराला वीस लाख, कारण त्याने माल विकला नाही, ‘सेवा’ दिली! स्वतःचे भांडवल नाही म्हणून जो मजुरीने विणतो, त्याचीच मर्यादा निम्मी.

आणि कापूस? खानदेशच्या काळ्या रानातील कापूस सरकीसह जिनिंगच्या दारात आला की जिनवाल्याने त्यावर शेकडा पाच कर स्वतः भरावयाचा असतो. रेशमाचे कोष करमुक्त, कच्चे रेशीम करमुक्त, लोकर करमुक्त, कच्चा ताग करमुक्त. गरिबाच्या अंगावरचे सूत ज्यातून निघते तो कापूस मात्र पहिल्याच पायरीवर अडतो. रेशमाशी आमचे वैर नाही. पण ही निवड कोणत्या न्यायाने झाली ते कोणी समजावून सांगेल तर उपकार होतील.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम धाग्यावरील कर अठरा व बारा टक्क्यांवरून पाचावर आला, आणि शेकडा पाचाच्या कक्षेतील तयार कपड्यांची मर्यादा एक हजारावरून अडीच हजारांवर गेली. यातील पहिला लाभ आम्ही नाकारीत नाही. आज गरिबाच्या अंगावर पॉलिएस्टर पुष्कळच आहे. परंतु दुसऱ्याचा लाभ हजारावरचा कपडा घेणाराला झाला. त्याचे बारा टक्के पाचावर आले. हजाराच्या आतील कपडा घेणाराचे पाच होते, ते पाचच राहिले. जाड्याभरड्याच्या वाट्याला यावेळीही काही आले नाही.

आमची मागणी मोघम नाही. कापूस, लडीचे सूती सूत आणि ठराविक किमतीच्या आतील सुती कापड यांवरील दर शून्य करावा. नुसता दर शून्य करून भागणार नाही, कारण मग मागच्या पायऱ्यांवरील कर त्यातच अडकून राहील. तो परत दिला पाहिजे. परदेशी जाणाऱ्या मालाला ही सवलत आज आहेच. परदेशी गिऱ्हाइकासाठी जी वजावाट बसविता येते, ती धडगावच्या गिऱ्हाइकासाठी बसविता येत नाही, हे आम्हास पटत नाही. तिजोरीस खोट येईल ती अडीच हजारांवरील कपड्यांच्या अठरा टक्क्यांतून किती भरून निघते, याचा हिशेब सरकारने मांडावा.

हे अशक्य आहे असेही कोणी म्हणू नये. सरसकट बारा टक्क्यांचा फतवा १ जानेवारी २०२२ पासून अंमलात यावयाचा होता. व्यापारी आणि राज्ये बोलू लागताच आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर २०२१ रोजी, कर-परिषदेने तो मागे ठेविला. त्या परिषदेत राज्यांच्या मतांचे वजन दोन-तृतीयांश आहे, आणि महाराष्ट्राचा प्रतिनिधी तेथे प्रत्येक बैठकीस बसतो. त्याने कापूस आणि सूत हा विषय आजवर कितीदा काढला, हे विधिमंडळातील खानदेशच्या सभासदांनी त्यास येत्या अधिवेशनात विचारावे.