'व्हाइट रायट': गाण्याचं श्रेय गाण्याला, लढ्याचं लढणाऱ्यांना

'द क्लॅश' या ब्रिटिश पंक बँडची पहिली सिंगल मार्च १९७७ मध्ये आली. नाव 'व्हाइट रायट', म्हणजे गोऱ्यांची दंगल. नावामुळे अनेकांना ते वंशवाद्यांचं गाणं वाटलं. तसं ते नव्हतं. पण वंशवादविरोधी आहे म्हटल्यावर त्याची चिकित्साच करायची नाही, हेही मला मान्य नाही.

पार्श्वभूमी समजून घेऊ. ३० ऑगस्ट १९७६, लंडनचा नॉटिंग हिल कार्निव्हल. कॅरिबियन लोकांच्या या उत्सवात सुमारे ३,००० पोलीस उतरवले होते. तिथले कृष्णवर्णीय तरुण 'सस' कायद्याने आधीच त्रासलेले. १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्यातलं हे कलम. नुसत्या संशयावरून कुणालाही उचलता यायचं. त्या दिवशी ठिणगी पडली आणि तरुण पोलिसांना भिडले. बँडमधले जो स्ट्रमर आणि पॉल सिमोनन त्या गर्दीत होते. स्ट्रमरने गोऱ्या तरुणांनाच सवाल केला: हे लोक व्यवस्थेला अंगावर घेतात, तुम्ही मात्र शाळेत शिकवलं तेवढंच निमूट करता. तुम्ही कधी उठणार?

या गाण्याची खरी ताकद इथे आहे. शोषितांच्या वतीने बोलण्याचा आव त्यात नाही. शोषितांना उपदेश करणारे पुरोगामी पुष्कळ भेटतात. आपल्याच लोकांना जाब विचारणारे थोडे.

पण मित्रांनो, दोन गोष्टी हे गाणं सांगत नाही.

पहिली, त्याच नॉटिंग हिलमध्ये गोऱ्यांची दंगल आधीच झाली होती. १९५८ च्या ऑगस्टअखेरीस गोऱ्या टोळ्यांनी कॅरिबियन वस्तीवर हल्ले केले. त्याला उत्तर म्हणून क्लॉडिया जोन्स या कृष्णवर्णीय कम्युनिस्ट स्त्रीने जानेवारी १९५९ मध्ये लंडनमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. त्याच वर्षी मे महिन्यात केल्सो कॉक्रेनचा नॉटिंग हिलमध्ये खून झाला.

दुसरी, कृष्णवर्णीयांचा लढा म्हणजे फक्त भिरकावलेली वीट नव्हे. नॉटिंग हिलच्याच मॅन्ग्रोव्ह रेस्टॉरंटवर पोलीस वारंवार छापे टाकत. त्याविरुद्ध १९७० मध्ये मोर्चा निघाला आणि नऊ जणांवर दंगलीचा खटला भरला गेला. डार्कस हाऊ आणि अल्थिया जोन्स-लेकॉइंट यांनी कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडली. १९७१ मध्ये दंगलीच्या आरोपातून नऊही जण सुटले. याला केवळ धाडस म्हणायचं? ही संघटना होती, अभ्यास होता.

आता वारशाकडे येऊ. ऑगस्ट १९७६ मध्येच एरिक क्लॅप्टनने भर कार्यक्रमात स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' उभं राहिलं. ३० एप्रिल १९७८ ला व्हिक्टोरिया पार्कमध्ये प्रचंड गर्दीसमोर 'द क्लॅश' वाजले. हजारो गोरी पोरं नॅशनल फ्रंटच्या विरोधात उभी राहिली, हे मोठंच काम होतं. पण पंकने वंशवाद हरवला, अशी जी कथा रंगवली जाते ती खोटी आहे. त्या मैफलीनंतर चारच दिवसांनी, ४ मे रोजी, पूर्व लंडनमध्येच अल्ताब अली या बंगाली कामगाराचा खून झाला. तेव्हा त्याची शवपेटी घेऊन हजारो बंगाली पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेले. तिथे व्यासपीठ नव्हतं, गिटारही नव्हती.

आणि 'सस' कलम १९८१ मध्ये रद्द झालं, त्यामागे मॅव्हिस बेस्टसारख्या कृष्णवर्णीय मातांनी चिकाटीने चालवलेली मोहीम होती. पोरांना सोडवायला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या त्यांनीच झिजवल्या. त्यांच्यातल्या किती जणींची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

म्हणून 'व्हाइट रायट' जरूर ऐका. गोऱ्याने गोऱ्यांना विचारलेला प्रश्न म्हणून ऐका. पण लढ्याचा इतिहास शोधायचा असेल तर क्लॉडिया जोन्सपासून सुरुवात करा, मॅन्ग्रोव्हचा खटला वाचा, अल्ताब अलीच्या मागून चाललेल्या माणसांबद्दल वाचा. सोबत आलेल्याचे आभार जरूर मानावेत. पण जे आधीपासून चालत होते, त्यांची जागा त्याला देऊ नये.