वनस्पतींचे आक्रमण आणि संशोधकांची दोन वर्षे

रस्त्याच्या कडेला किंवा पडीक शेतात पांढऱ्या फुलांचे गाजर गवत पाहिले नाही, असा वाचक विरळाच. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती १९५० च्या दशकात पुण्यात आढळली आणि पुढे देशभर पसरली. घाणेरी १८०९ मध्ये कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आणली गेली. आज तिने भारतातील कितीतरी जंगलांचा तळ व्यापला आहे. परकी वनस्पती नव्या भूमीत का फोफावते आणि तिला कसे आवरावे, याचा अभ्यास करणारी परिस्थितिकीशास्त्राची एक स्वतंत्र शाखा आहे. चार्ल्स एल्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथामुळे तिचा पाया घातला गेला, असे मानतात.

ह्या शाखेत पीएच.डी.नंतरच्या, म्हणजे पोस्ट-डॉक्टरल, संशोधनाच्या संधी आज अनेक देशांत आहेत. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश विद्यापीठात २००४ मध्ये आक्रमक जीवांच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले. झेक प्रजासत्ताकात प्रागजवळच्या प्रूहोनित्से येथील वनस्पतिशास्त्र संस्थेत ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. जर्मनीचे हुम्बोल्ट प्रतिष्ठान ६ ते २४ महिन्यांची पाठ्यवृत्ती देते. भारतातील राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल पाठ्यवृत्तीचा काळ दोन वर्षांचा असतो.

नेमका येथेच खरा प्रश्न उभा राहतो. संशोधकाला मिळतात दोन वर्षे; वनस्पतीचे आक्रमण मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते. जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रदेशात आणलेल्या परक्या वृक्षांना आपोआप पसरू लागण्यास सरासरी १७० वर्षे लागली, तर झुडुपांना १३१ वर्षे, असे इंगो कोवारिक यांच्या अभ्यासात दिसून आले. आज निरुपद्रवी वाटणारे झाड उद्या संकट ठरेल काय, हे सांगण्यासाठी दीर्घकाळ जपलेल्या नोंदी लागतात. संशोधक दर दोन वर्षांनी बदलला, तर त्या नोंदी कोण जपणार?

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण म्हणूनच उद्‌बोधक आहे. परके वृक्ष नदीखोऱ्यांतील मौल्यवान पाणी शोषून घेतात, हे संशोधनातून पुढे आल्यावर तेथील शासनाने १९९५ मध्ये ती झाडे तोडण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यातून गरिबांना रोजगार दिला. संशोधन, शासन आणि श्रमिक एका सूत्रात आल्यामुळे अभ्यासकाच्या निष्कर्षाला प्रत्यक्ष उपयोग लाभला. भारतातही गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला. तो अनेक राज्यांत स्थिरावला; तथापि गवत हटलेले नाही. असा उपाय कोठे यशस्वी होतो आणि कोठे अपुरा पडतो, हे तपासण्यास एका पाठ्यवृत्तीचा काळ पुरत नाही.

प्रश्न लहान नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार आक्रमक परक्या जीवांमुळे जगाचे होणारे नुकसान २०१९ मध्ये ४२३ अब्ज डॉलरच्या वर गेले होते. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल करारात अशा जीवांचा नव्याने होणारा शिरकाव २०३० पर्यंत निम्म्याने कमी करण्याचे उद्दिष्ट ठरले. अभ्यासकांना स्थैर्य दिल्यावाचून ते गाठणे कठीण आहे.

पीएच.डी. झालेल्या मुलामुलींना “अजून किती शिकणार?” असे विचारणाऱ्या पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पोस्ट-डॉक्टरल संशोधन हे शिक्षण नव्हे. ते मानधन असलेले, मुदतीचे व्यावसायिक काम आहे. तरुणांनीही अर्ज करण्यापूर्वी मार्गदर्शकाचे कार्य, नोंदींची परंपरा आणि मुदतीनंतरच्या शक्यता नीट पारखून घ्याव्यात. ज्या देशांत ही झुडपे माणसाच्या शेतापर्यंत येऊन ठेपली आहेत, तेथेच अशा कायम जागा निर्माण होणे ही आजची गरज होय.