परत केव्हा जाणार?

मागील बैठकीनंतर चहापानाच्या वेळी सभेच्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांस मोठ्या आपुलकीने विचारले, "मग, परत केव्हा जाणार?" २०२१च्या डिसेंबरात डोंबिवलीचे बिऱ्हाड आवरून आम्ही उभयतां मुरारच्या वडिलोपार्जित घरी कायमचे राहावयास आलो, तेव्हापासून हा प्रश्न आम्हांस दूधवाल्यापासून बँकेतील कारकुनापर्यंत सर्वांनी विचारला आहे आणि त्यांचा आम्हांस राग आलेला नाही. परंतु हे गृहस्थ मुरारचेच. त्यांच्या पाच पिढ्या या मातीत गेल्या. ज्या गावी आपण सारा जन्म काढला तेथे कोणी आपखुशीने राहावयास येईल, ही गोष्ट खुद्द त्यांनाच पटत नव्हती! चहा हाती असल्याने त्या वेळी आम्ही नुसते हसलो. उत्तर येथे देत आहोत. ते थोडे तिखट झाल्यास वडीलधाऱ्यांनी पोटात घालावे.

प्रथम 'मोठे शहर' आणि 'लहान गाव' या शब्दांचा हिशेब करू. आमचे मुंबईकडील आप्त मुरारला सरसकट 'गाव' म्हणतात. आम्ही येथे विहिरीचे पाणी शेंदतो अशी त्यांची समजूत असावी. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती आणि मुरार ज्याचा भाग आहे त्या ग्वाल्हेर शहराची दहा लाखांच्या वर. म्हणजे आम्ही एका शहरातून जवळपास तेवढ्याच शहरात आलो. फरक असलाच तर एवढा, की डोंबिवलीच्या दाराशी मुंबई आहे आणि मुरारच्या दाराशी भिंड-मोरेना. मोठेपण हे असे शेजाऱ्याकडून उसने आणलेले असते.

आणि 'तिकडे काय आहे?' हा प्रश्न तरी आज प्रथमच विचारला जात आहे काय? आपणां सर्वांचे पूर्वज केव्हा तरी कोकणातून, देशावरून, कऱ्हाड-साताऱ्याकडून घर मोडून येथे आले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, तो पुढे उठलाच नाही. लष्कर हे आपल्या शहराचे नावच मुळी मुक्कामाचे आहे. मुरारचा जन्म तर त्याहून चमत्कारिक. १८४३च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनिहार येथे शिंद्यांचा पराभव झाल्यावर इंग्रजांनी नदीकाठी ही छावणी वाढविली. १४ जून १८५७ रोजी येथल्या पलटणी उठल्या, पुढच्या जूनमध्ये ह्यू रोजने ती पुन्हा जिंकली, आणि १८८६ साली इंग्रजांनी किल्ला व मुरार जयाजीरावांच्या हवाली करून त्यांच्याकडून झाशी घेतली. दर चौरस फुटाला मुरारचा भाव काय, हे आमचे धाकटे बंधू वरचेवर फोनवर विचारतात. त्यांस आम्ही कळविले आहे की झाशीच्या मोबदल्यात जे दिले गेले त्यात किल्ल्यासोबत मुरारही होते. (हा विनोद त्यांस आवडला नाही.)

सांगायचे ते असे, की स्थलांतर करणाऱ्यास वेड्यात काढण्याचा अधिकार जगात कोणास असलाच तर तो आपणांस खचित नाही. आपण सारे त्या वेड्यांचेच वंशज आहोत.

डोंबिवलीविषयी वाईट बोलावे असा आमचा हेतू नाही. शं. ना. नवरे यांच्यासारखा लेखक ज्या गावाने आपला मानला, गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ साली ज्या गावाने सुरू केली, २०१७चे साहित्यसंमेलन ज्या गावी भरले, ते गाव मराठीच्या दृष्टीने श्रीमंतच. पण त्या श्रीमंतीतले आमच्या ताटात किती पडले? घरापासून कचेरीपर्यंत आणि परत, असे दिवसाचे तीन तास आम्ही वाटेत घालवीत असू. वर्षाचे २८० दिवस धरले तर तीस वर्षांत २५,२०० तास, म्हणजे १,०५० अहोरात्र होतात. आयुष्यातील तीन वर्षांस थोडी कमी एवढी मुदत आम्ही लोकलच्या डब्यात, बहुतेक उभ्याने, भोगली. त्या तीस वर्षांत व्याख्यानमालेची पत्रिका दर वर्षी दारी येई आणि दर वर्षी शीतकपाटाच्या दारावर चिकटून राही. संमेलन गावात भरले तेव्हा आम्ही ग्रंथदालनात एक संध्याकाळ गेलो, तीही गाडी लवकर मिळाली म्हणून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जाताना दारातील माणसे खाली पडली आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. ती बातमी आम्ही मुरारच्या ओसरीवर वाचली. त्या दाराशी आम्ही किती वर्षे उभे होतो, हे आठवून त्या दिवशी आम्हां दोघांस जेवण गेले नाही. त्याच दुपारी एका आप्तांनी फोन करून विचारले, "मुरारला कंटाळा नाही का येत?"

आता आपल्यापैकी ज्यांना 'खरे मराठीपण तिकडेच' असे वाटते, त्यांच्याकडे वळू. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ख्याल शिकावयास कोठे आले होते? ग्वाल्हेरीस, वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे. त्यांनी येथून नेलेली विद्या मिरजेत विष्णु दिगंबरांस मिळाली आणि मग साऱ्या देशात पसरली. भा. रा. तांबे मुंगावलीस जन्मले आणि १९४१ साली ग्वाल्हेरीसच निवर्तले. त्यांस पुण्याचा पत्ता लागला नाही म्हणून त्यांची कविता अडली नाही. मराठी साहित्यसंमेलनास पहिल्या स्त्री-अध्यक्षा लाभल्या त्या कुसुमावती देशपांडे, १९६१ साली, याच शहरात. मुले हिंदीत वाहून जातील ही जी भीती आपल्या घराघरांतून बोलून दाखविली जाते, तिच्यासाठी मुक्तिबोधांचे घर आठवावे. थोरले गजानन माधव १९१७ साली शिंदेशाहीतील श्योपूरला जन्मले आणि हिंदीचे मोठे कवी झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक घेऊन गेले. एका घरात दोन भाषा नांदल्या, आणि दोन्हींचे भलेच झाले.

ही नावे मात्र आम्ही भीतभीतच घेतली आहेत. कारण आपल्या सभेत यांची जपमाळ फार ओढली जाते. वार्षिकोत्सवात तांबे, गुढीपाडव्यास बुवा, आणि २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हटल्यापासून तर प्रत्येक भाषणास तेच तोरण. जप संपला की सभागृहात मोजून अकरा माणसे, त्यांतील चौघे सत्तरीच्या पुढची. मग पुन्हा तो सुस्कारा: "इथे आता राहिलंय काय?"

राहिले नाही, ते कोणी नेले? आपल्या बैठकीत दोन घरचे लोक एकत्र आले की पहिली पाच मिनिटे कोणाचे चिरंजीव पुण्यास, कोणाची कन्या बंगळुरूस, कोणाचे नातू न्यू जर्सीत, याची उजळणी होते. येथे राहून कॉलेजात शिकविणारा किंवा सदर बाजारात दुकान चालविणारा मुलगा असला, तर त्याचा उल्लेख खालच्या आवाजात. जिवाजी विद्यापीठ १९६४ पासून येथे आहे. त्यात शिकून येथेच नोकरीस लागणे हा जणू अपघात. जो येथे राहिला तो 'राहून गेला', असे आपण म्हणतो. मुलांनी जाऊ नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आम्हीही बाविसाव्या वर्षी पंजाब मेलमध्ये बसलोच होतो, पोटासाठी. परंतु जाण्याचे एवढे कौतुक आणि राहण्याची एवढी शरम ज्या घरांनी एकदमच शिकविली, त्यांनी बालवर्ग बंद पडला म्हणून अश्रू ढाळू नयेत.

पुढे काय होते तेही आपण पाहतो. वडील जातात. मुले आठ दिवसांची रजा काढून येतात, दिवस करतात, नवव्या दिवशीपासून दलाल घरी येऊ लागतो. भांडी मोलकरणीस, पलंग शेजाऱ्यास, पुस्तके कबाड्यास. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कबाड्याच्या दुकानी तराजूवर बांधलेला गठ्ठा आम्हांस दिसला. वर जुन्या मासिकांचे बांधीव अंक, मध्ये कोणा पणजोबांची जन्मपत्रिका, खाली मोडी लिपीतील हिशेबाच्या वह्या. साठ रुपयांत तो आम्ही घरी आणला. त्या वह्या मुरारमधील कोणत्या घरच्या हे आम्हांस ठाऊक आहे, त्या घरचे लोक हे त्रैमासिक घेतात हेही ठाऊक आहे, म्हणून नाव लिहीत नाही. वह्या आमच्याकडे कोरड्या जागी ठेवल्या आहेत. मागावयास कोणी आलेले नाही. मोडी वाचू शकणारे दोघे सभासद होते, ते आता नाहीत.

विरुद्ध पक्षाचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. आमच्या सौभाग्यवतींस गेल्या उन्हाळ्यात रात्री दोन वाजता छातीत कळ आली. पारा दुपारी पंचेचाळिसावर गेलेला, वीज रात्री नऊपासून नव्हती. पहिल्या रुग्णालयात हृदयाचे डॉक्टर नव्हते, दुसऱ्यात होते पण सकाळी येणार होते. त्या रात्री शेजारच्या शर्माजींच्या मुलाने गाडी काढली नसती तर हा लेख आम्ही लिहिला नसता. शेजारी डोंबिवलीतही धावून आला असता, यात शंका नाही. आणि तेथे डॉक्टर दहा मिनिटांवर होता. दुसऱ्या दिवशी बंधूंचा फोन आला, "आता तरी कळलं ना?" त्यांस देण्यासारखे उत्तर आमच्याजवळ नव्हते. आजही नाही. वय झालेल्या माणसाने मुरारला यावे असा उपदेश म्हणून आम्ही कोणास करीत नाही. आम्ही आलो, आणि ती रात्र धरूनही आलो याचा पश्चात्ताप नाही, एवढेच सांगतो.

शिवाय आमच्यासारखे परतणारेही फार शहाणे असतात अशातला भाग नाही. पहिले सहा महिने आमच्या तोंडी एकच पालुपद: "आमच्याकडे डोंबिवलीत असं नाही." भाजीवर, टपालावर, उन्हावर, एवढेच काय, येथल्या मराठीवरही. शेजारची मुलगी "लाइट चालली गेली" म्हणाली की आम्ही तिला "गेली, नुसतं गेली म्हण" असे दुरुस्त करीत असू. एके दिवशी तिची आजी ओसरीवर बसून शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडे म्हणजे कुठे हो? जन्म तर तुमचा या मागच्याच खोलीत झाला, सुईणीला बोलवायला मीच पळाले होते." त्या दिवसापासून पालुपद थांबले. ती मुलगी आता दर रविवारी आमच्याकडे मराठी वाचावयास येते आणि लाइट अजून चाललीच जाते. वाचते मात्र खणखणीत. स्वस्ताई व शांतता पाहून येणाऱ्यांस आमची सूचना आहे, की शांतता येथे लाउडस्पीकर बंद असला तरच मिळते, आणि पाहुण्यासारखे राहायचे असेल तर धर्मशाळा पुष्कळ आहेत.

सभेपुढे आमचे मागणे फार थोडे आहे. जुने घर रिकामे होताना कबाड्याच्या आधी सभेस एक निरोप यावा. पुस्तके उचलावयास आम्ही स्वतः येऊ. साऱ्या बैठका लष्करात भरतात, त्यांतील वर्षातून दोन तरी मुरारला भराव्यात. आमची पुढील खोली तीस माणसांची आहे, छत दगडी फरश्यांचे असल्याने मे महिन्यात ती तापते हे आधीच सांगितलेले बरे. आणि कोणी कुटुंब पुणे-मुंबईहून येथे राहावयास आले, तर त्यांस 'परत केव्हा जाणार' असे न विचारता 'कोणती गल्ली' असे विचारावे.

आमच्या घराचा अर्धा हिस्सा चुलत भावांनी २०१६ साली विकला. तेथे आता तीन मजले उभे आहेत आणि चौकातील कडुनिंब गेला. उरलेला अर्धा बंधूंचा व आमचा समाईक आहे. पुढील महिन्यात ते मुरारला येत आहेत. सोबत दलाल येणार की वहिनी आणि मुले, हे त्यांनी कळविलेले नाही. मागची खोली झाडून ठेवली आहे, पंखा दुरुस्तीस दिला आहे.