छत्तीस शर्यतींचा हिशेब

२०२५च्या नोव्हेंबरमध्ये एका सोमवारी आपल्याकडे पहाट होत असताना अ‍ॅरिझोनातील फिनिक्सच्या एक मैली धावपट्टीवर डेनी हॅमलिन सर्वांत पुढे होता. ३१२ लॅपच्या शर्यतीत तीनच लॅप उरले होते. झालेल्या लॅपपैकी २०८ त्याने आघाडीवर काढले होते. नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेतील हा त्याचा विसावा पूर्ण हंगाम. तोवर ६० शर्यती जिंकलेला, मानाची डेटोना ५०० तीनदा जिंकलेला हा माणूस त्याच महिन्यात ४५ वर्षांचा होणार होता, आणि अजिंक्यपद मात्र त्याच्या नावावर एकदाही लागलेले नव्हते. ते आता मिनिटभराच्या अंतरावर होते. तेवढ्यात मागे विल्यम बायरनच्या गाडीचा टायर गेला, गाडी भिंतीवर आदळली आणि पिवळा झेंडा निघाला, म्हणजे सगळ्या गाड्या पुन्हा एका रांगेत.

पुढचे सारे दोन लॅपमध्ये संपले. गाड्या पिटमध्ये आल्या. हॅमलिनच्या संघाने चारही टायर बदलले, काइल लार्सनच्या संघाने दोनच. त्या काही सेकंदांच्या फरकाने लार्सन पुढे निघाला आणि हॅमलिन घोळक्यात मागे अडकला. रायन ब्लेनीने शर्यत जिंकली, लार्सन तिसरा आला, हॅमलिन सहावा. अजिंक्यपदाच्या चार दावेदारांत लार्सन सर्वांत पुढे राहिल्यामुळे २०२५चे विजेतेपद त्याचे झाले. या शर्यतीत तो एका लॅपसाठीही आघाडीवर नव्हता आणि मे महिन्यातील कॅन्सासच्या विजयानंतर त्याने एकही शर्यत जिंकलेली नव्हती.

लार्सनचा यात काडीचाही दोष नाही. दोनच टायर घेण्याचा निर्णय धाडसाचा होता आणि नियमाने जे मागितले ते त्याच्या संघाने दिले. वर्षभराच्या गुणांची सरळ बेरीज केली असती तर हॅमलिनच अव्वल ठरला असता, असाही आमचा दावा नाही. आमचा आक्षेप मापावर आहे. फेब्रुवारी ते नोव्हेंबर चालणाऱ्या ३६ शर्यतींच्या हंगामाचा निकाल शेवटच्या शर्यतीत, चौघांपैकी पुढे कोण एवढ्यावर लावायचा, ही पद्धत नॅसकारने २०१४ ते २०२५ चालवली. रास खळ्यावर मोजायची असते. शेवटच्या पाटीत किती दाणे आले यावरून वर्षाचे पीक ठरवले, तर शेतकरी काय म्हणेल?

ज्याचा टायर गेला त्या बायरनकडेही पाहायला हवे. हंगामाची सुरुवात त्याच्याच डेटोना ५०० विजयाने झाली होती. प्लेऑफ, म्हणजे हंगामाच्या अखेरच्या बाद टप्प्यांपूर्वीच्या २६ शर्यतींच्या गुणतक्त्यात पहिला तोच होता. अंतिम चौघांतही तो होता. अशा चालकाचे वर्ष एका फुटक्या टायरसह भिंतीपाशी संपले आणि त्याच टायरने दुसऱ्या एकाचे वर्षही संपवले. न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गेन त्या वर्षी मेक्सिको सिटीपासून शार्लटपर्यंत पाच शर्यती जिंकला. हॅमलिनचे सहा विजय सोडले तर इतके कोणाचेच नव्हते. तरी तो प्लेऑफच्या पहिल्याच टप्प्यात बाहेर पडला, आणि पाचवा विजय त्याने बाहेर पडल्यानंतर मिळवला. वळणावळणांच्या रस्त्यांवर जवळजवळ अजिंक्य ठरलेला हा चालक लंबगोल धावपट्टीवर अजून शिकाऊ होता, हे खरे. पण कोण काय आहे हे ३६ शर्यतींची बेरीज आपोआप सांगते. त्यासाठी टप्प्याटप्प्याने माणसे गाळण्याची गरज नसते.

त्याच वर्षी अमेरिकेतील दुसऱ्या मोठ्या मालिकेने, उघड्या चाकांच्या इंडीकारने, जुन्या पद्धतीने हिशेब केला. १७ शर्यती, प्रत्येकीचे गुण, शेवटी बेरीज. स्पेनच्या अ‍ॅलेक्स पालोने पहिल्या सहापैकी पाच शर्यती जिंकल्या. मे महिन्यात मार्कस एरिक्सनला मागे टाकून इंडियानापोलिस ५०० जिंकणारा तो पहिला स्पॅनिश चालक झाला. १७ पैकी आठ विजय मिळवून ऑगस्टमध्ये पोर्टलंडला, दोन शर्यती शिल्लक असतानाच, त्याने सलग तिसरे आणि एकूण चौथे अजिंक्यपद पक्के केले.

आता कोणी म्हणेल, मग उरलेल्या दोन शर्यतींत पाहण्यासारखे काय राहिले? नॅसकारचे म्हणणे नेमके हेच होते. २००३ साली मॅट केन्सेथ एकच शर्यत जिंकून सातत्याच्या जोरावर अजिंक्य झाला आणि आठ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन सहावा राहिला. त्याच्या पुढच्याच वर्षी शेवटच्या दहा शर्यतींचा वेगळा हिशेब आला आणि दहा वर्षांनी चौघांची अंतिम शर्यत. शरद ऋतूत अमेरिकेचे डोळे फुटबॉलकडे लागलेले असतात. तेव्हा दूरचित्रवाणीवर लोकांना धरून ठेवायचे तर शेवटपर्यंत टांगती तलवार हवी, असा हा विचार. धंद्याच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण पोर्टलंडनंतरच्या मिलवॉकीत काय झाले? डेन्मार्कच्या ख्रिश्चन रासमुसेनने अखेरच्या टप्प्यात खुद्द पालोला मागे टाकून कारकिर्दीतील पहिला विजय मिळवला. अजिंक्यपद ठरून गेले होते, तरी त्या मैलभराच्या धावपट्टीवर त्या दुपारी एका तरुण चालकाचे आयुष्य बदलले. हंगाम मनापासून पाहणाऱ्याला यापेक्षा अधिक उत्कंठा कशाला हवी?

महाराष्ट्रातून या शर्यती पाहणारे थोडे आहेत. त्यांची रात्र शर्यतीच्या वेळापत्रकावर चालते. इंडियानापोलिसचा झेंडा आपल्याकडे रात्री दहानंतर पडतो, त्याच दिवशीची शार्लटची सहाशे मैलांची शर्यत सुरू होते तेव्हा साडेतीन वाजून गेलेले असतात. एवढे जागून माणूस काय पाहतो? सुरुवातीला वेग पाहतो. वेगाची नवलाई दोन-तीन आठवड्यांत ओसरते. मग डोळे मधल्या फळीकडे वळतात. अकराव्या जागेवरचा कोण, गेल्या महिन्यात विसावा होता तो आज नववा कसा, कोणत्या संघाचे पिट वारंवार गडबडते, कोण जुने टायर जपून वापरतो. हंगाम पाहणे म्हणजे या चाळीस माणसांची वर्षभराची सोबत करणे.

या सातत्याच्या गोष्टीचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला कोलंबस नावाचे छोटे शहर आहे, कमिन्स इंजिनांचे गाव. १९३१च्या इंडियानापोलिस ५०० मध्ये क्लेसी कमिन्सने आपली डिझेल गाडी उतरवली. डिझेल म्हणजे मालवाहू गाड्यांचे आणि बोटींचे इंजिन, शर्यतीत त्याचे काय काम, असा तो काळ. डेव्ह इव्हान्सने ती गाडी पाचशे मैल एकदाही न थांबता चालवली आणि तेरावा आला. न थांबता ही शर्यत पूर्ण करणारी ती पहिली गाडी. पुढे १९५२ साली त्याच कंपनीची टर्बोचार्ज केलेली डिझेल गाडी घेऊन फ्रेड अगाबाशियनने पात्रता फेरीत पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीच्या रांगेतील पहिली जागा, मिळवली. शर्यतीत मात्र टर्बोचार्जरच्या तोंडाशी टायरच्या रबराचा कचरा अडकला आणि ७१ लॅपनंतर गाडी थांबली. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, कोथरूडच्या कारखान्यात हजारो मराठी हातांनी त्या घराण्याची इंजिने घडवली. इंजिन घडवणाऱ्या त्या कामगारांना विचारले असते की या दोनपैकी अभिमान कशाचा बाळगावा, तर आमची खात्री आहे, बहुतेकांनी न थांबलेल्या तेराव्या गाडीकडे बोट दाखवले असते. दिवसाचा सर्वांत वेगवान क्षण आणि पाचशे मैल टिकलेले यंत्र, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अजिंक्यपद दुसऱ्या गोष्टीसाठी असते.

आणि सरळ बेरजेत नाट्य नसते, असे तर कोणी म्हणूच नये. १५ नोव्हेंबर १९९२ची अ‍ॅटलांटा आठवा. रिचर्ड पेटीची ती शेवटची शर्यत आणि जेफ गॉर्डनची पहिली. त्या दिवशी सहा चालकांना विजेतेपदाची संधी होती. त्यांत एक अ‍ॅलन कुल्विकी, विस्कॉन्सिनचा, मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतलेला, स्वतःच संघाचा मालक आणि स्वतःच चालक. ज्युनियर जॉन्सनच्या बलाढ्य संघातील जागा त्याने नाकारली होती. सहा शर्यती उरल्या असताना तो २७८ गुणांनी मागे होता. अ‍ॅटलांटात गुणतक्त्यात अव्वल असलेला डेवी अ‍ॅलिसन दुसऱ्याच्या अपघातात सापडला आणि सामना कुल्विकी व जॉन्सनच्याच संघातील बिल इलियट यांच्यात उरला. सर्वाधिक लॅप आघाडीवर राहणाऱ्याला पाच जादा गुण होते. कुल्विकीच्या माणसांनी पिटच्या भिंतीमागे आकडे मांडले आणि ते पाच गुण हातात येईपर्यंत गाडी पिटमध्ये बोलावली नाही. कुल्विकी १०३ लॅप आघाडीवर होता, इलियट १०२. शर्यत इलियटने जिंकली, कुल्विकी दुसरा आला आणि अवघ्या दहा गुणांनी अजिंक्यपद त्याचे झाले. कुल्विकीच्या लॅपपैकी एक जरी इलियटने आघाडीवर काढला असता तर गुण समसमान होऊन, जास्त विजयांमुळे, मुकुट इलियटच्या डोक्यावर गेला असता.

त्या दहा गुणांत त्या हंगामातील २९ शर्यती होत्या. सुरुवातीच्या शर्यतींतला एखादा साधासा क्रमांक, मध्ये कधी रेटत गाठलेली अखेरची रेषा, सगळे होते. जिंकल्यावर कुल्विकीने गाडी उलट्या दिशेने फिरवून धावपट्टीला फेरी मारली, चालकाची बाजू प्रेक्षकांकडे यावी म्हणून. पुढच्या वर्षी १ एप्रिलला विमान अपघातात तो गेला. आजही एखादा विजेता उलटी फेरी मारतो तेव्हा जुन्या प्रेक्षकांना तोच आठवतो.

पालकांना विचारा, शिक्षकांना विचारा. वर्षभर मन लावून अभ्यास केलेल्या मुलाचा एका पेपरच्या दिवशी ताप चढून निकाल बिघडतो, तेव्हा आपल्या पोटात तुटते, कारण त्या मुलाचे वर्ष आपण पाहिलेले असते. हॅमलिनसाठी जगभरच्या प्रेक्षकांना त्या सोमवारी जे वाटले ते याच जातीचे होते. त्यांतले कित्येक त्याचे चाहतेही नाहीत, उलट मैदानात त्याची हुर्यो उडवणारे आहेत. त्यांनीही त्याचे वर्ष पाहिले होते.

ही पद्धत नॅसकारने अर्धवट बदलू नये. १५ फेब्रुवारी २०२६ला डेटोनात पुन्हा हिरवा झेंडा निघाला. हॅमलिनचा करार अजून शिल्लक होता, त्याची अकरा नंबरची टोयोटा तेव्हा रांगेत उभी होती आणि सगळ्यांचे गुण शून्य होते. पहिल्या लॅपपासून मिळालेला प्रत्येक गुण नोव्हेंबरमध्येही मोजला जाईल, एवढे नॅसकारने जाहीर करावे.