दादरचा पूल आणि म्हैसमाळची भजी

चितेगावातील माझ्या दवाखान्यात सुट्ट्या जवळ आल्या की एक प्रश्न हमखास येतो, ‘डॉक्टरसाहेब, चार दिवस निसर्गात जाऊन आलो की तब्येत सुधारेल ना?’ पैठण रस्त्यावरील अवजड वाहनांच्या धुरळ्यात राहणाऱ्या माणसाला असे वाटणे स्वाभाविक आहे. मीही आजवर होकारार्थी मान हलवीत आलो. यंदाच्या दोन प्रवासांनी मात्र माझी पंचाईत केली.

पहिला प्रवास मुंबईचा, पुतणीच्या लग्नाचा. देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलो तेव्हा या धुरात आणि घामात आपले आयुष्य चार दिवसांनी घटणार, अशी माझी खात्री होती. पूल चढा, फलाट बदला, पुन्हा पूल चढा! रात्री लेकीने माझ्या मोबाइलमधील पावले पाहिली तर आकडा 14,000 च्या पुढे. येथे कबूल करतो की, चितेगावात घरापासून दवाखान्यापर्यंतचे जेमतेम पाच मिनिटांचे अंतरही मी स्कूटरनेच कापतो.

त्याच पुलावर आणखी एक गोष्ट घडली. मधल्या पायरीवर मला धाप लागली म्हणून कठडा धरून उभा होतो. डोक्यावर झेंडूची पाटी घेतलेल्या, माझ्याच वयाच्या एक बाई ‘बाजूला व्हा, काका’ म्हणत मला मागे टाकून गेल्या. ‘काका’ हा शब्द मी सोडून दिला. धाप मात्र मनात राहिली.

दुसरी सहल श्रावणातली, म्हैसमाळची. वेरूळ, खुलताबाद मागे टाकून घाट चढलो. धुके उतरलेले, डोंगर हिरवेगार, गिरिजादेवीचे दर्शनही निवांत झाले. डोळे निवले, मन हलके झाले, यात शंका नाही. परंतु आमच्या गाड्या थेट कड्यापाशी जाऊन थांबत. उतरायचे, छायाचित्र काढायचे, गरम भजी, भाजलेले कणीस, गोड चहा, की पुन्हा गाडीत. संध्याकाळी पावले भरली 1,900. त्यांतील निम्मी तरी भज्यांच्या गाडीकडे जाण्यायेण्याची असावीत.

घरी परतल्यावर सौ. म्हणाल्या, ‘रुग्णांना दरवर्षी रक्त तपासा म्हणता, तुमचे कधी तपासले होते?’ तीन वर्षांपूर्वी. उत्तर मोठ्याने देण्याची हिंमत झाली नाही. दुसऱ्याच दिवशी वर्गमित्राकडे गेलो. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी निर्दोष निघाला. पण तेवढ्यावरून चढणीवरची धाप निकालात निघत नाही, म्हणून त्याने ट्रेडमिलवरही चालवले. तेथेही हृदय ठीक होते. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारे एचबीए1सी मात्र 6.3 आले. 6.5 पासून मधुमेह मानतात. म्हणजे मी उंबरठ्यावर उभा. हे वाक्य मी शेकडो जणांना ऐकवले आहे. ऐकताना ते इतके थंडगार लागत असेल, याची कल्पना नव्हती.

तेव्हापासून स्कूटर घरी असते आणि दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटे चालतो. डिसेंबरात परीक्षा म्हणून दौलताबादचा किल्ला निवडला. महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी येथे हलवली आणि काही वर्षांत माघारी नेली. एवढी महागडी सहल पुन्हा कोणी काढली नसेल. आमची माफक होती. चढताना बोलत राहायचे आणि वाक्य पुरे होईना की बसायचे, असा नियम केला. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम यांपैकी काही जाणवले तर वर काय आहे हे पाहण्याचा मोह सोडून लगेच थांबावे आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. बसल्यावर बरे वाटले तरी तपासणी टाळू नये. साठीच्या मंडळींनी आणि मधुमेहींनी तर हे आधीच सोबत्यांना सांगून ठेवावे. मधुमेहींना कधीकधी कळ न येता केवळ धापच लागते.

अंधारीच्या तोंडाशी माझे वाक्य अर्ध्यावर तुटले. छातीत काही नव्हते, पाय मात्र नाही म्हणत होते. लेक म्हणाली, ‘बाबा, बारादरी आता थोडीच राहिली.’ सौ. काही बोलल्या नाहीत, फक्त शेजारी बसल्या. आम्ही तेथूनच उतरलो. पायथ्याशी पेरू घेतले; विक्रेत्याने तिखटमीठ पुढे केले, मी मिठाला नको म्हटले. बारादरीसाठी फेब्रुवारीतला एक रविवार राखून ठेवला आहे.