अॅल्युमिनियमची ट्रेन किती मजबूत? उत्तर वेल्डच्या शेजारी आहे

पुणे मेट्रोने प्रवास करत असाल, तर तुम्ही अॅल्युमिनियमच्या डब्यात बसता. डबा स्टीलपेक्षा हलका, म्हणून वीज कमी लागते. वंदे भारतसाठीही अशा १०० गाड्यांचं टेंडर निघालं होतं. २०२४ मध्ये ते रद्द झालं आणि चर्चा झाली ती किमतीची. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न म्हणजे हे डबे जोडणार कसे?

वेल्ड केलं की ताकद का घटते?

अशा डब्यांत मुख्यतः ६००० मालिकेतले मिश्रधातू वापरतात. त्यांची ताकद येते मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. धातू साधारण १६० ते १८० अंशांवर काही तास ठेवून हे कण तयार करतात. वेल्डिंगची उष्णता याच्या कितीतरी पट. सांध्याशेजारच्या पट्ट्यात कण विरघळतात किंवा फुगतात, आणि धातू मऊ पडतो.

६०६१-टी६ या मिश्रधातूची ताकद सुमारे ३१० मेगापास्कल असते. वेल्डनंतर डिझाइनसाठी साधारण १६५ च धरतात. म्हणजे जवळपास निम्मी!

१९९९ मध्ये लंडनमध्ये लॅडब्रोक ग्रोव्हला दोन गाड्या धडकल्या, ३१ जण गेले. कारण लाल सिग्नल ओलांडला हे होतं, वेल्ड नव्हे. पण त्या धडकेत अॅल्युमिनियमचा डबा वेल्डच्या रेषेवर शिवण उसवावी तसा उसवला. त्यानंतर युरोपात या सांध्यांवर खास संशोधन झालं.

सेटिंगचा खेळ

करंट जास्त आणि हात हळू, तर उष्णता जास्त आणि मऊ पट्टा रुंद. फार घाई केली तर धातू खोलवर वितळतच नाही. वायरवर ओलावा किंवा तेल असेल तर हायड्रोजन आत शिरतो आणि थंड होताना छिद्रं पडतात. आपल्या पावसाळ्यात ही काळजी जास्तच घ्यावी लागते.

दुसरा मार्ग फ्रिक्शन स्टिर वेल्डिंग, १९९१ मध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय संस्थेत शोधलेला. फिरतं टूल धातू न वितळवता ढवळून जोडतं. उष्णता कमी, म्हणून ताकद जास्त टिकते. पण इथेही टूलचा फिरण्याचा आणि पुढे सरकण्याचा वेग जुळला नाही, तर आत बोगद्यासारखी पोकळी राहते. वरून सांधा मस्त गुळगुळीत दिसतो! अल्ट्रासोनिक तपासणीशिवाय ती कळणं कठीण.

मग पाहायचं काय?

पुढच्या वेळी अॅल्युमिनियम गाडीची बातमी आली, तर किंमत आणि वेगाच्या पलीकडे बघा. सांधा कुठल्या पद्धतीने जोडला, सेटिंगची नोंद ठेवली का, आतून तपासला का? कागदावर ३१० लिहिलेलं असलं, तरी धडकेच्या क्षणी कामाला येतो तो १६५ चा पट्टाच.