न बांधलेल्या जागेचे चित्र

“मुलगी सारखी चित्रे काढत बसते, यातून पुढे काय होणार?” ही काळजी अनेक माता बोलून दाखवतात. भगिनींनो, आज अशा एका कामाविषयी बोलू, ज्याची ओळख आपल्या घरांत फारशी नाही. बाग, चौक, वाचनालय किंवा अख्खे शहर बांधण्याआधी ते कसे दिसेल याचे चित्र कोणीतरी काढते. नकाशा इंजिनिअरला कळतो, चित्र सर्वांना कळते. म्हणून निर्णय पुष्कळदा चित्र पाहून होतो.

मॅरियन महोनी ग्रिफिन यांचेच उदाहरण घ्या. १८९४ साली त्या अमेरिकेतील एमआयटीमधून वास्तुकलेच्या पदवीधर झाल्या. १९११ साली ऑस्ट्रेलियाने नव्या राजधानीच्या आराखड्यासाठी जागतिक स्पर्धा ठेवली. मॅरियन आणि त्यांचे पती वॉल्टर शिकागोत राहत होते. ती जागा दोघांनीही पाहिली नव्हती. हाताशी होते जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे आणि परिसराची चित्रे. वॉल्टर यांनी शहर आखले आणि मॅरियन यांनी ते कापडावर उभे केले: डोंगर, झाडी, मधोमध तलाव. १३७ प्रवेशिकांतून १९१२ साली हीच योजना पहिली आली. प्रवेशिकेवर नाव मात्र एकट्या वॉल्टर यांचे होते.

पुढे अधिकाऱ्यांशी मतभेद होऊन वॉल्टर त्या कामातून बाहेर पडले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी ते लखनौला आले आणि १९३७ साली तिथेच वारले. मॅरियन १९६१ साली गेल्या. चित्रातला तलाव कॅनबेरात प्रत्यक्ष भरला तो १९६४ साली. त्याला नाव मिळाले तेही वॉल्टर यांचेच.

या कामात हात चांगला हवा, तशी नियतही साफ हवी. चित्रात पंचवीस वर्षांचे डेरेदार झाड दाखवायचे की पहिल्या वर्षीचे रोप? भर दुपारी सावली कुठे पडेल? आजी टेकेल कुठे? बाळाची गाडी ढकलत आई आत शिरेल कुठून? चित्रकाराने हे प्रश्न टाळले तर चित्र देखणे होते, पण लोक फसतात. आपल्या वस्तीतल्या बागेचे चित्र फलकावर लागले, तर आपणही हेच प्रश्न विचारावेत.

मुलीला ओढ असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसवा. आर्किटेक्चरकडे जायचे असेल तर बारावीला गणित सोडू देऊ नका, नाटा परीक्षेची तयारी करून घ्या. पदवीला पाच वर्षे लागतात, तेवढा धीर घरानेही धरावा. तोवर तिला घराजवळची एखादी मोकळी जागा पावलांनी मोजून, तिथे काय व्हावे ते काढायला सांगा. आणि चित्र पुरे झाले की कोपऱ्यात स्वतःचे नाव लिहायलाही शिकवा.